किमान 45, कमाल किती?

शिक्षकाने नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालावा, हा विषय निघाला की सोलापुरात दोनच सूर ऐकू येतात. पहिला चहाच्या टपरीवरचा: निम्मं वर्ष सुट्टी, सातवा वेतन आयोग, वर घरभाडे भत्ता, आणि तरी यांना म्हणे वेळ पुरत नाही. दुसरा प्रशिक्षण वर्गातला: पहाटे उठा, प्राणायाम करा, कामांची यादी करा, मोबाइल लांब ठेवा, सकारात्मक राहा. (हे सांगणारी कार्यशाळा पुष्कळदा रविवारी असते आणि तिचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा असतो.) ऐकायला हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध वाटतात, पण खोट शिक्षकातच आहे यावर दोघांचं एकमत आहे. एकाच्या मते तो आळशी, दुसऱ्याच्या मते अव्यवस्थित. हल्ली हा वाद पुन्हा रंगलाय आणि दोन्हीकडचे लोक इतकं ठरावीक बोलतायत की मूळ मुद्दा कुठल्या कुठे राहिला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकवणं आणि संसार यांचं आपसात फारसं भांडण नाही. पेपर घरी आणून तपासणं, उद्याच्या पाठाचं टाचण रात्री काढणं, अचानक गप्प झालेल्या एखाद्या पोरीचा विचार जेवताना डोक्यात घोळणं, हे या पेशात पूर्वीपासून आहे आणि पुढेही राहील. त्याची तक्रार करणारा शिक्षक मला तरी भेटलेला नाही. तक्रार आहे ती तिसऱ्याच कामाची: माहिती भरणं, तीच माहिती पुन्हा भरणं, भरल्याचा फोटो पाठवणं आणि फोटो पाठवल्याचं कळवणं. या कामाने आधी वर्गातला वेळ खाल्ला, आता ते घरातला खातंय, आणि दिवसाच्या शेवटी त्याला थांबवणारी कुठलीही रेघ नाही. ती रेघ शिक्षकाने मनाचा निग्रह करून आखायची नसते, नियमाने आखून द्यावी लागते. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते; तेव्हा मी तटस्थ नाही, हे वाचकांनी धरून चालावं.

सुट्ट्यांचा मुद्दा खोटा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन सांगितलंय. 365 मधून वजा केलं की उरणारे दिवस पाहून बँकेतल्या कारकुनाला हेवा वाटला तर नवल नाही. दिवाळी आहे, मे महिना आहे, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आहे. हे सगळं नाकारून 'आम्हाला सुट्ट्याच नसतात' म्हणणारा पुढारी आपल्याच माणसांचं नुकसान करतो. मात्र त्याच अनुसूचीत आणखी एक ओळ आहे, आणि ती टपरीवरही कुणी वाचत नाही, संघटनेच्या मेळाव्यातही नाही. शिक्षकाने आठवड्याला किमान 45 तास काम करावं, पूर्वतयारी त्यात धरलेली आहे, असं ती ओळ सांगते. जास्तीत जास्त किती, याबद्दल कायदा काहीच बोलत नाही.

गिरण्यांच्या गावात राहणाऱ्या माणसाला तरी हे खटकायला हवं. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ चाललं. त्या काळी प्रौढ पुरुषाने किती तास राबावं याला कायद्याची मर्यादाच नव्हती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे 1890 साली तिथल्या गिरणी कामगाराच्या पदरात रविवार पडला. 1911 च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस 12 तासांवर आणला. पुढे आठवडा 1922 मध्ये 60 तासांवर, 1934 मध्ये 54 वर आणि 1946 मध्ये 48 वर आला. या सगळ्याला साठ-सत्तर वर्षं लागली, पण दिशा एकच होती: यापेक्षा जास्त नाही. त्या कामगाराला कुणी असं म्हणालं असतं, की बाबा रे, तू कामाचं नियोजन नीट कर म्हणजे चौदा तास जड जाणार नाहीत, तर ते आपल्याला आज कसं वाटलं असतं? शिक्षकाला आपण नेमकं तेच सांगतोय. आणि भोंगा दोनदा व्हायचा, एकदा कामावर बोलवायला आणि एकदा सोडायला. मोबाइलवरच्या ग्रुपला सुटीचा भोंगाच नाही.

इथे सोलापूरकर वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. पूर्व भागात, नीलम नगरापासून कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीपर्यंत, घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या दिसतात. मजुरी हजार विड्यांमागे. अंगात ताप भरला तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. यंत्रमागावरच्या माणसाची पाळी आजही पुष्कळ ठिकाणी 12 तासांची असते, आठवड्याच्या 48 तासांची मर्यादा कुठे का असेना. यांच्या शेजारी राहून पगारी रजा घेणाऱ्या शिक्षकाने 'माझं खासगी आयुष्य' म्हणून गळा काढावा? मला हा आक्षेप सगळ्यात जड वाटतो. पण तो कुणीकडे नेतो ते पाहा. 1890 साली शेतमजुराला कुठे रविवार होता? मग गिरणी कामगारालाही नको, असं म्हणता आलं असतं. ज्याला मिळालंय त्याचं काढून घेतल्याने ज्याला मिळालं नाही त्याच्या ताटात काही पडत नाही. शिवाय शिक्षकाच्या दमणुकीची किंमत मोजतं कोण? ज्यांना परवडतं त्यांची मुलं संध्याकाळी शिकवणीला जातात. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाकडे शाळेतले तेवढेच तास असतात. त्याच्या घरात तेलुगू, कुणाच्या घरात कन्नड, आणि मराठी शाळेत नाव घातलेलं असेल तर पहिलीच्या बाईंना त्याच्या तोंडातला शब्द उमजून घ्यायला ताजं डोकं लागतं. आदल्या रात्री दहापर्यंत तक्ते भरलेलं डोकं त्या कामाचं नसतं.

हे तक्ते कसे येतात, तेही पाहण्यासारखं आहे. संध्याकाळचे साडेसात-आठ. बायको भाकऱ्या थापतेय, दोन्ही हात पिठात. ओट्यावरचा मोबाइल वाजतो. शाळेतल्या अमुक प्रवर्गाच्या मुलांची संख्या हवी आहे, इयत्तावार, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. 'अत्यंत तातडीचे. आज रात्री नऊपर्यंत. निरंक असल्यास निरंक कळवावे.' (निरंक म्हणजे शून्य.) ही संख्या शासनाच्या यू-डायस प्लस पोर्टलवर आहे, सरल पोर्टलवर आहे, मागे एकदा एक्सेलमध्ये भरूनही दिलेली आहे. ती लेकीला हाक मारते आणि सांगते, 'निरंक लिही आणि पाठवून दे.' भाकरी उलटायच्या आत दुसरा संदेश येतो: माहिती न दिलेल्या शाळांची यादी, नावं लाल रंगात. काम दोन मिनिटांचं असतं, हे मला मान्य आहे. दोन मिनिटांनी कुणी मरत नाही. पण ते दोन मिनिटांचं काम साडेसातला येईल की साडेनऊला, हे माहीत नसल्यामुळे अख्खी संध्याकाळ कामावर असल्यासारखी जाते. आणि यात कुणी एक खलनायकही नाही. वरून पत्र सकाळी निघतं, पुण्यात थांबतं, जिल्ह्यात थांबतं, तालुक्यात थांबतं. प्रत्येक टेबल आपल्यापुरती थोडी मुदत कापून घेतं, आणि केंद्रप्रमुखाच्या (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्याच्या) हातात पडेपर्यंत दिवस मावळलेला असतो. त्या बिचाऱ्यालाही संध्याकाळ नाही. प्राथमिक शाळेत लिपिक नसतो. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक, लिपिक, पोषण आहाराचा साठा मोजणारा, चव रजिस्टरवर सही करणारा आणि तिसरी-चौथीला शिकवणारा माणूस एकच. तो बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्या बाईंसमोर एका खोलीत बसतात.

'शिक्षकी पेशा ही नोकरी नाही, ते व्रत आहे' हे वाक्य मग बाहेर काढलं जातं. या वाक्याबद्दल मला आदर आहे, पण ते कोण कुणाला म्हणतंय यावर सगळं अवलंबून असतं. साने गुरुजींचं उदाहरण नेहमी दिलं जातं. अमळनेरच्या शाळेत ते वसतिगृह सांभाळायचे, मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहायचे, मुलांची सेवा करायचे. रात्र आणि दिवस त्यांना वेगळे नव्हतेच. खरं आहे. पण गुरुजी अविवाहित होते आणि ते दैनिक लिहा असा आदेश त्यांना कुणी दिलेला नव्हता. 1930 साली स्वातंत्र्यलढ्याची हाक आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे 1947 च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले, तेव्हा ते कुणाचे नोकर नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण याहून बोलकं आहे. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं. व्रताचा खर्च बहुतेकदा घरातल्या बाईने उचललेला असतो आणि तो आपण कौतुकाच्या भरात हिशेबात धरत नाही. आज तर व्रत घेतलेली व्यक्तीच पुष्कळदा बाई असते. तिच्यासाठी घरात लक्ष्मीबाई कोण होणार? आणि व्रताची भाषा बोलणाऱ्या शासनाने प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाला (सुरुवातीची वर्षं मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकाला) 2023 पर्यंत महिना 6000 रुपयांवर राबवलं, मग ते मानधन 16000 केलं. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्यापुढे काम आणि घर यांचा मेळ हा विषय काढायची मला लाज वाटते.

विरोधी बाजूला एक भक्कम आधार महात्मा फुल्यांमध्ये सापडतो, आणि तो त्यांनी अजून वापरलेला नाही म्हणून मीच देतो. 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी खेड्यातल्या शिक्षकाला गावगाड्यात गुंतवावं असं सुचवलं होतं: गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री. म्हणजे अशैक्षणिक कामं शिक्षकाच्या माथी मारणाऱ्यांचे आद्यगुरू फुलेच की! पण त्याच निवेदनात शिक्षकाला किमान 12 रुपये, मोठ्या गावात 15-20 रुपये पगार असावा, जास्त मुलं उत्तीर्ण करणाऱ्याला वेगळा भत्ता असावा, असंही आहे. आणि ही कामं का द्यायची? तर त्याने शिक्षकाचं गावातलं स्थान उंचावेल आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल म्हणून. टपाल सांभाळणाऱ्या मास्तरकडे गाव चालत यायचं. आज लाल रंगातल्या यादीत नाव असलेल्या मास्तरचं कुठलं स्थान उंचावतं? हीच कसोटी लावा आणि यादीतलं प्रत्येक काम तपासा. 2020 मध्ये करोनाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारोदार फिरले, तेव्हा लोकांनी त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं. त्या कामाबद्दल मी तरी फार कुरकुर ऐकली नाही.

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याचा वादही याच माळेतला. 2022 मध्ये विधानसभेत तो गाजला आणि गावोगाव पोहोचला: गुरुजी गावात राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात. ग्रामसभेचा खोटा ठराव जोडून भत्ता घेणं ही लबाडीच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. शिक्षक गावात राहिला तर गावाला फायदा होतो, हेही खरं. एसटीच्या वेळेकडे डोळा ठेवून शिकवणारा आणि शाळेमागेच राहणारा, यांत फरक पडतोच. पण हा नियम ज्या काळात शहाणपणाचा होता त्या काळात घरात कमावणारा एक असायचा आणि बाकीचं कुटुंब त्याच्यामागे जायचं. आता नवरा अक्कलकोट तालुक्यात, बायको माढ्यात, सासूबाईंचं डायलिसिस सोलापुरात. कुणी कुठे राहायचं? गावात भाड्याने बरी खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी जोडप्यातल्या एकालाच. शाळेची घंटा होताना शिक्षक वर्गात आहे का, आणि तिसरीतलं पोर वाचतंय का, एवढं तपासलं तर त्याच्या बिऱ्हाडाचा पत्ता शोधत फिरायची गरज उरत नाही. तरीही शिक्षक गावातच हवा असेल तर शिक्षक निवास बांधा आणि पती-पत्नीला एका तालुक्यात आणा, मग खुशाल सक्ती करा.

'डिसले गुरुजींना जमलं, मग तुम्हाला का नाही?' हेही इथे हमखास ऐकू येतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीसारख्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेतून 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणं ही जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची कल्पना कुठल्या परिपत्रकातून आलेली नव्हती. मोकळ्या डोक्याच्या माणसाला स्वतःच्या कामात काही सुचलं, त्याचं ते फळ. ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

आता उरला कामचुकारांचा मुद्दा. आहेत. प्लॉटची दलाली करणारे आहेत, विम्याचे हप्ते गोळा करणारे आहेत, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने खासगी शिकवणीला मनाई असूनही घरी बॅच चालवणारे आहेत. अशांवर कारवाई होत नाही याचा राग लोकांना येणं स्वाभाविक आहे. पण गंमत अशी की रात्रीचे तक्ते या लोकांना जड जात नाहीत. ते 'निरंक' लिहून मोकळे होतात, फोटो कुणाचातरी उचलून टाकतात, आणि कागदावर त्यांची शाळा नेहमी हिरव्या रंगात असते. ज्याला खरी संख्या द्यायची आहे, तोच हजेरीपत्रक उघडून बसतो आणि तोच उशीर झालेल्यांच्या यादीत येतो. कामचुकारांना पकडायला म्हणून लावलेलं हे जाळं नेमकं त्यांनाच सोडून देतं.

मग करायचं काय? शासनाने 2024 मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी केली, चांगलं केलं. पण कामाचा प्रकार ठरवून भागत नाही, त्याची वेळही ठरवावी लागते. माझी मागणी साधी आहे. आपत्ती सोडून कुठलीही माहिती संध्याकाळी सहानंतर मागू नये, आणि मागितली तर दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मुदत असावी. जी माहिती शासनाच्या एका पोर्टलवर आहे ती दुसऱ्या तक्त्यात मागायला मनाई असावी. मागणाऱ्याने ती पोर्टलवरून स्वतः उतरवून घ्यावी. केंद्र पातळीवर एक डेटा ऑपरेटर द्यावा. हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणेल. कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क फ्रान्सने 2017 पासून दिला आहे, हे खरं; पण आपल्याकडेही सुप्रिया सुळे यांनी त्याच अर्थाचं खासगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकाचं व्हायचं ते झालं. तरी एका जिल्हा परिषदेला एक परिपत्रक काढायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. आणि शिक्षक संघटनांना माझा थेट प्रश्न आहे: जुनी पेन्शन आणि बदल्या यांच्या पलीकडे, कामाच्या तासांची कमाल मर्यादा ही मागणी तुमच्या निवेदनात शेवटची कधी होती?

निवडणुकीच्या कामाचा अनुभव इथे उपयोगी पडेल. डिसेंबर 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षकांना मतदार याद्यांची आणि निवडणुकीची कामं सुट्टीच्या आणि शाळा नसलेल्या दिवशी द्यावीत, एरवी शिकवण्याच्या वेळेत देऊ नयेत. मुलांचे तास वाचवणारा हा निकाल योग्यच होता. पण वाचवलेले तास आले कुठून? शिक्षकाच्या रविवारातून. तो रविवार परत कधी द्यायचा, हे त्या दिवसापासून आजतागायत नीट ठरलेलं नाही. आता 2027 ची जनगणना आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे ते काम शिक्षकाला देता येतं, आणि द्यावंही. घरोघर जाऊन माणसं मोजायला इतका विश्वासाचा माणूस दुसरा मिळणार नाही. पण प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारीत ठरलेली आहे, आणि साधारण तेव्हाच दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. गणनेला जाणाऱ्या शिक्षकाचा वर्ग कोण घेणार, शनिवार-रविवार गेले तर बदली रजा कुठल्या महिन्यात मिळणार आणि रोजची माहिती रात्री किती वाजेपर्यंत भरायची, ही तीन उत्तरं नेमणुकीच्या आदेशातच छापलेली असली पाहिजेत. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे ती आत्ताच लेखी मागायला हवीत. आदेश हातात पडल्यावर विचारलं तर उत्तर ग्रुपवरच येईल, रात्री नऊ वाजता.